तळ्याकाठी तंबू, पण भांडी कुणाची?

सुट्टी जवळ आली की घराघरांतून एकच प्रश्न निघतो, 'यंदा कुठं जायचं?' मुलांना पाणी हवं असतं, डोंगर हवे असतात. यजमानांना गर्दी नको असते आणि खर्च बेताचा हवा असतो. घरातल्या बाईला कुणी विचारलंच, तर ती म्हणते, 'कुठंही न्या बाई, पण दोन दिवस ओटा दिसू देऊ नका!'

अलीकडे तंबूत राहायची हौस आपल्या गावागावांतून वाढली आहे. मी ज्या शाळेत अर्धवेळ शिकवते, तिथल्या शिक्षिकांच्या खोलीतही दर शनिवारी कुणी ना कुणी तंबूच्या गोष्टी सांगत असतं. ऐकायला फार छान वाटतं. पण मैत्रिणींनो, बाईच्या दृष्टीनं तंबूची सहल अवघड असते, बरं का! हॉटेलात निदान आयतं ताट समोर येतं. इथं सगळं स्वयंपाकघरच डोक्यावर घेऊन जायचं, आणि तेही ओट्यावाचून, नळावाचून. आखणी नीट नसेल तर सहल होते इतरांची, आणि आपला घरचाच दिवस उघड्यावर जातो. म्हणून भंडारदऱ्याची माहिती सांगता सांगताच आमच्या तीन कुटुंबांनी ही आखणी कशी बसवली, तेही सांगते.

भंडारदराच का?

आम्ही सिन्नरकडचे, त्यामुळं आम्हांला घोटीमार्गे भंडारदरा जवळ. मुंबईहून येणाऱ्यांनी इगतपुरीला रेल्वेनं उतरावं. पुढं घोटीहून रस्ता बारी गावावरून शेंडीला, म्हणजे धरणाच्या गावाला जातो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याचा हा पश्चिमेकडचा डोंगराळ भाग. उंची सुमारे साडेसातशे मीटर, त्यामुळं हवा थंड.

इथलं तळं म्हणजे प्रवरा नदीवरच्या धरणाचा जलाशय. १९२६ साली हे दगडी धरण पुरं झालं. त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर विल्सन यांचं नाव त्याला दिलं गेलं, आणि मागच्या पाण्याला लोक ऑर्थर लेक म्हणू लागले. धरणाची उंची सुमारे ८२ मीटर, आणि पाणी मावतं सुमारे ११ टीएमसी. हे आकडे मुलांना पाठ करायला ठीक. आपल्याला जवळचं म्हणजे, याच पाण्यावर खालचा प्रवराकाठ उसानं हिरवा झाला, आणि तिथंच लोणीला १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला. चहात साखर घालताना या तळ्याची आठवण काढायला हरकत नाही!

तळ्याभोवती रस्ता आहे. शेंडीहून निघून मुरशेत, पांजरे, घाटघर, साम्रद, रतनवाडी करत पुन्हा शेंडीला येता येतं. वाटेतल्या गावांतून गावकऱ्यांनी आपापल्या जागेत पाण्याकाठी तंबू लावले आहेत. गादी, पांघरूण, दोन वेळचं जेवण असं सगळं मिळतं, किंवा आपला तंबू नेऊन फक्त जागेचं भाडंही देता येतं. मात्र भोवतालचं जंगल हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. १९८६ साली ते जाहीर झालं. त्यामुळं वाटेल तिथं तंबू ठोकता येत नाही, आणि वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशाचं शुल्क भरावं लागतं.

केव्हा जावं?

पावसाळ्यात धबधबे पाहावे आणि परत यावं. घाटघर, रतनवाडी ही महाराष्ट्रातली अतिशय जास्त पावसाची गावं. त्या दिवसांत लहान मुलं घेऊन तंबूत राहणं म्हणजे ओल्या कपड्यांशी झुंज. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. आकाश स्वच्छ असतं, पाणी भरलेलं असतं. डिसेंबर-जानेवारीत मात्र रात्री चांगलीच थंडी पडते. कानटोप्या, पायमोजे आणि माणशी एक जादा पांघरूण न्यायलाच हवं.

मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, पहिल्या पावसाच्या आगेमागे, इथं काजवे दिसतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर ते हजारोंनी लुकलुकतात, सगळं झाड एका तालात पेटतं आणि विझतं. माझ्या सासूबाई म्हणाल्या, 'लग्नातली रोषणाई याच्यापुढं फिकी गं!' काजव्याचा हा उजेड म्हणजे जोडीदाराला दिलेली खूण असते. आपण विजेऱ्या मारल्या, मोटारीचे दिवे रोखले, की ती खूण त्यांना दिसत नाही. पुष्कळ माद्या खाली गवतात, झुडपांत बसलेल्या असतात, त्या पायाखाली जातात. प्रौढ काजव्याचं आयुष्य जेमतेम दोन-तीन आठवड्यांचं. तेवढ्यात जोडी जमली नाही, तर पुढच्या वर्षीचे काजवे येणार कुठून? तेव्हा रस्त्यावरूनच बघा, दिवे बंद ठेवा, आणि बाटलीत काजवे भरण्याचा मुलांचा हट्ट अजिबात पुरवू नका.

चिठ्ठ्यांची युक्ती

आता मुख्य गोष्ट. आमच्या पहिल्या सहलीला तीन कुटुंबं मिळून आम्ही बारा माणसं होतो. पाण्याकाठी पोचल्यावर पुरुष मंडळींनी तंबू उभे केले, एकमेकांची पाठ थोपटली आणि पाण्यात पाय सोडून बसली. मुलं चपटे दगड घेऊन पाण्यावर भाकऱ्या काढू लागली. आणि आम्ही तिघी? एकीनं चूल मांडली, एकीनं कांदे घेतले, एकीनं कणीक. सूर्य कळसूबाईच्या बाजूला मागं ठेवून आमची पाठ तळ्याकडं! चहा झाला, जेवण झालं, भांडी झाली, आणि मग अंधारात तळं दिसेनासं झालं.

कुणी मुद्दाम केलं का? मुळीच नाही. कुणी वाईटही नव्हतं. घरात जी वहिवाट, तीच पाण्याकाठी चालू राहिली, एवढंच. पण रात्री आमच्या जाऊबाई हळूच म्हणाल्या, 'अगं, इथलं पाणी कसं दिसतं ते मी घरी गेल्यावर फोटोतच बघणार.' ते वाक्य माझ्या थोरलीनं, तेव्हा ती सातवीत होती, नेमकं ऐकलं.

सकाळी तिनं वहीची पानं फाडून बारा चिठ्ठ्या केल्या. पाणी भरणे, चूल पेटवणे, चिरणे, शिजवणे, वाढणे, भांडी, अंथरुणं, कचरा, अशी कामं लिहिली. मोठ्यांनी आणि लहानांनी एकत्र उचलायच्या, अट एकच, बदलाबदली नाही. आमच्या ह्यांच्या वाट्याला 'शिजवणे' आलं, आणि बॅंकेत साहेब असलेल्या भाऊजींच्या वाट्याला 'भांडी'. सासूबाईंची चिठ्ठी कोरी निघाली. मुलीनं ती मुद्दाम कोरी ठेवली होती की काय, कोण जाणे!

ह्यांचं पिठलं गाठीगाठींचं झालं. पण ते सगळ्यांनी मागून खाल्लं, आणि मुख्य म्हणजे कुणी 'तू जरा बघ ना' म्हणत माझ्याकडं डाव दिला नाही. सासूबाई एका सपाट दगडावर सतरंजी घालून पाण्याकडं तोंड करून बसल्या. तास गेला, दीड तास गेला. मी चहा घेऊन गेले तर म्हणाल्या, 'लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली. इतका वेळ मला कुणी हाक मारली नाही, असं आज पहिल्यांदाच झालं.' त्यांनी तक्रार केली नव्हती, नुसतं सांगितलं. पण ह्यांनी ते ऐकलं, आणि संध्याकाळचा चहा न सांगता स्वतः टाकला.

तेव्हापासून चिठ्ठ्या हा आमच्या सहलीचा कायदा आहे. माझा अनुभव असा, की घरी 'जरा मदत करा' म्हटलं तर काम आपलंच राहतं आणि दुसरा फक्त उपकार करतो. चिठ्ठीवर नाव आलं की ते काम त्याचं होतं. आणि मुलगे? दहा वर्षांचा मुलगा राखेनं पातेलं लख्ख घासू शकतो. त्याला ते येत नाही, कारण त्याला आपण कधी दिलेलंच नसतं.

कळसूबाईची गोष्ट

तळ्याच्या उत्तरेला कळसूबाईचं शिखर दिसतं. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच. या शिखराची लोककथा मला फार आवडते. कळसू नावाची एक कोळ्याची मुलगी होती, रानावनात भटकायची आवड असलेली. ती पायथ्याच्या गावात एका घरी कामाला राहिली, पण अट घालून, की भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. काही दिवस ठीक गेले. मग एक दिवस घरातल्या कुणीतरी तिला तेच सांगितलं. तिनं मुकाट्यानं भांडी घासली, केर काढला, आणि तशीच डोंगर चढून गेली ती परत आलीच नाही. जिथं भांडी घासली ते ठिकाण थाळेमेळ, जिथं केर काढला ते कचरमेळ, आणि ती राहिली ते शिखर कळसूबाई. आज माथ्यावर तिचं छोटंसं देऊळ आहे, आणि नवरात्रात आसपासच्या गावांतल्या बायका मुलंबाळं घेऊन तिच्या दर्शनाला चढतात.

पाहा, शब्द न पाळल्याचा राग धरून डोंगरावर गेलेल्या मुलीची आपल्या लोकांनी देवी केली! शेकोटीजवळ ही गोष्ट मी सांगितली, तेव्हा माझा धाकटा म्हणाला, 'मग तिला चिठ्ठ्या का नाही टाकू दिल्या?'

या गोष्टीची दुसरीही बाजू आहे. कळसू ही दुसऱ्याच्या घरी राबणारी मुलगी होती. गावातल्या तंबूवाल्यांकडं जेवण सांगितलं की आपली सुटका होते खरी, पण मागं चुलीपाशी कुणीतरी बाईच तीस-तीस भाकऱ्या थापत असते. महादेव कोळी, ठाकर समाजाच्या या बायका पहाटेपासून कामात असतात. तेव्हा माणसांचा नेमका आकडा आधी सांगावा, रात्री अकराला 'अजून चार भाकऱ्या' अशी आरोळी देऊ नये, ताटात टाकू नये, आणि ठरलेल्या पैशांत घासाघीस करू नये. जमलं तर चुलीपाशी जाऊन दोन शब्द बोलावे. नाचणीच्या भाकरीला उकड कशी काढतात, हे मी तिथंच शिकले.

याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेलच. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी गावठी भाज्या-धान्यांचं बियाणं जपलं, बियाण्यांची बॅंकच उभी केली, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. या भागात गावठी वाल, नाचणी, वरई मिळाली तर जरूर आणावी.

काय न्यावं?

सामान जितकं कमी, तितकं बाईला सुख. आम्ही घरूनच तीन मिश्रणं करून नेतो.

उपम्याचं मिश्रण : रवा खमंग भाजावा. मोहरी, उडदाची डाळ, कढीलिंब, सुक्या मिरच्या यांची फोडणी करून त्यात मीठ-साखरेसह मिसळावी आणि पूर्ण गार झाल्यावर डब्यात भरावी. तिथं एक वाटी मिश्रणाला अडीच वाट्या उकळतं पाणी.

खिचडीचं मिश्रण : तांदूळ दोन भाग, मुगाची डाळ एक भाग. धुऊन सावलीत खडखडीत वाळवावी. त्यात हळद, तिखट, गोडा मसाला, जिरं आणि मीठ घालावं. माणशी पाऊण वाटी पुरते.

पिठल्याचं पीठ : बेसन मंद आंचेवर जरासं भाजून त्यात तिखट, मीठ, जिरं, आणि तळून कुरकुरीत केलेला लसूण चुरून घालावा. आधी गार पाण्यात कालवून मगच चुलीवर ठेवावं, म्हणजे गाठी होत नाहीत. (ही ओळ यजमानांना वाचून दाखवावी!)

जोडीला तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि लिंबाचं लोणचं. शिवाय एक मोठी ताडपत्री, सतरंजी, दोरी, विजेऱ्या, काडेपेटी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, झाकणाची बादली, जुनी वर्तमानपत्रं आणि कचऱ्यासाठी दोन रिकाम्या गोण्या. आपण नेलेला कचरा आपणच परत आणायचा.

भांडी तळ्यात उतरून घासू नयेत. बादलीत पाणी घ्यावं, काठापासून पन्नास-साठ पावलं लांब जावं, राखेनं घासावीत आणि खरकटं पाणी मातीत जिरवावं. खालची गावं हेच पाणी पितात.

इथं हयगय नको

पाणी : हे तळं नव्हे, धरण आहे. काठ एकाएकी खोल जातो आणि तळाशी चिखल असतो. पोहता येणारेही फसतात. पोहायला उतरायचंच नाही, हा नियम मोठ्यांनी आधी पाळावा. नावेत बसताना प्रत्येकानं जीवरक्षक जाकीट घालावं, नसेल तर नाव सोडून द्यावी. चिठ्ठ्यांत एक चिठ्ठी 'मुलांवर नजर' अशी ठेवावी, कारण 'सगळे बघताहेत' म्हणजे कुणीच बघत नसतं.

शेगडी : थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्याचं घमेलं तंबूत मुळीच घेऊ नये. कोळशातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. झोपेत माणूस दगावतो आणि शेजारच्याला कळतही नाही. शेकोटी बाहेर, ठरलेल्या जागी करावी आणि झोपण्यापूर्वी पाणी ओतून विझवावी.

साप-विंचू : तंबूची साखळी कायम बंद ठेवावी, सकाळी बूट झटकून घालावे, अंधारात विजेरीशिवाय पाऊल टाकू नये. साप चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही करू नये. माणसाला शांत ठेवून, चावलेला भाग न हलवता, १०८ वर फोन करून किंवा मिळेल त्या वाहनानं सरकारी दवाखाना गाठावा.

आणखी एक गोष्ट आपल्या मासिकांतून मोकळेपणानं लिहिली पाहिजे. जागा ठरवताना 'संडास आहे का, दाराला कडी आहे का, रात्री दिवा असतो का, पाणी कुठून आणायचं' हे फोनवर स्पष्ट विचारावं. यात लाजण्यासारखं काही नाही. स्वच्छ संडास नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या कितीतरी जणी मला ठाऊक आहेत, आणि घरी परतल्यावर लघवीच्या जळजळीनं हैराण झालेल्याही. पाळीची तारीख आली तर सहल रद्द करण्याची गरज नाही. कागदात गुंडाळून, वेगळ्या पिशवीत घालून परत आणावं, पुरू नये, तळ्याकडं तर नाहीच.

पायी कुठं जाल?

सासूबाईंच्या वयाच्या मंडळींसाठी रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ. सुमारे हजार वर्षांपूर्वीचं हे कोरीव दगडी काम डोळ्यांचं पारणं फेडतं. जवळची पुष्करणी चुकवू नये. रंधा धबधबा रस्त्यालगतच आहे, दीडशे फुटांहून उंच. पावसाळ्यानंतर त्याचं रूप मोठं असतं, मात्र कठड्याच्या अलीकडूनच बघावा.

चालण्याची सवय असलेल्यांनी रतनवाडीहून जंगलातल्या वाटेनं रतनगड करावा. माथ्यावर कातळाला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. बारीहून कळसूबाईची चढण दमवणारी आहे, वाटेत लोखंडी शिड्या आहेत. गावातला वाटाड्या घ्यावा, पहाटे निघावं. साडीपेक्षा पंजाबी ड्रेस बरा, पण नवरात्रात नऊवारीतल्या आजीबाई शिड्या चढताना दिसतात, तेव्हा आपण सबबी सांगू नयेत.

आमच्या जाऊबाईंनी गेल्या खेपेला पन्नाशीत कळसूबाई चढली. त्या दिवशी खाली तंबूपाशी भाऊजींची चिठ्ठी होती 'शिजवणे'. चार वाजता त्या उतरल्या, तर खिचडी तयार, आणि तिच्यावर तूप वाढायलाही ते विसरले नव्हते.

तर मैत्रिणींनो, पुढच्या सुट्टीत तंबूची सहल ठरलीच, तर सामानाच्या यादीत वहीची चार कोरी पानं आणि एक पेन्सिल आधी लिहा. चिठ्ठ्या घरून निघण्यापूर्वीच टाका. तळ्याकाठी पोचल्यावर भूक लागते, आणि भुकेल्या माणसांना वहिवाट लगेच आठवते!